दोन शेजारी आणून दाखवा

मुलांनो, एक कल्पना करा. डोळे मिटू नका. डोळे मिटलेत तर पुढचं वाचाल कसं? तर असं समजा, की तुमचा एक बनियन आहे. जुना, मऊ, आवडता आणि पाठीवर भोक पडलेला. तो तुम्ही धुवायला टाकलात. परत हातात आला तेव्हा त्याची सुरेख चौकोनी घडी होती आणि भोक नाहीसं झालं होतं. कोणी केलं, ठाऊक नाही. का केलं, तेही ठाऊक नाही. आता खरं सांगा, तुम्ही काय म्हणाल?

"वा!" म्हणाल. धावत जाऊन आईला दाखवाल. तुमची मनं साफ आहेत.

धाकटा म्हणाला, "कट आहे."

धाकटा म्हणजे घरातलं शेंडेफळ, म्हणून धाकटा. तो परदेशात शिकायला गेला होता. कसा गेला, कोणी किती खटपट केली, स्टेशनवर कोण कोण रडलं, हे मी सांगत बसत नाही. ते सांगून होईपर्यंत तुम्हीच शिकायला परदेशी जाल. तो शिकत होता काँक्रीटचं शास्त्र. त्यातही काँक्रीटला तडे का जातात, हा त्याचा खास विषय. दिवसभर भिंगातून तडे बघणाऱ्या माणसाला संध्याकाळी गुळगुळीत भिंत दिसली तरी चैन पडत नाही. तो म्हणतो, "आत असणार."

त्यात भर मामांची. मामा स्वतः गावाची वेस ओलांडून फारसे गेले नव्हते, पण जग कसं आहे हे त्यांना घरबसल्या कळत असे. निघताना त्यांनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "परक्या मुलखात कोणी हसलं तर खिशावर हात ठेव. कोणी मदत केली तर दोन्ही खिशांवर ठेव."

"आणि मामा, सामान कोण धरणार?"

"बघ! हाच प्रश्न विचारायला भाग पाडतात, आणि मग सामान नेतात."

त्या देशातले लोक कुठली भाषा बोलत होते, हे मला विचारू नका. मी सगळ्यांना मराठीतच बोलायला लावणार आहे, कारण मला तेवढीच धड येते.

आता कट कशाचा, हे कळायला दोन शेजाऱ्यांची भानगड आधी सांगायला हवी. धाकट्याचा राहण्याचा परवाना सत्राबरोबर संपणार होता. तो वाढवून घ्यायला तो कचेरीत गेला. खिडकीमागे एक साहेब बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि नजर चष्म्याच्या वरून.

"दोन शेजारी आणा," साहेब म्हणाले.

"कशाला?"

"तुम्ही इथे राहता, ते तुम्हाला ओळखतात, हे सांगायला."

"मी सांगतोय ना."

"तुम्ही तर सांगणारच."

धाकट्याला या माणसाबद्दल एकदम आदर वाटला. परदेशात प्रथमच कोणीतरी आपल्या विचारांचं भेटलं होतं.

"वर्गातले मित्र चालतील?"

"ते तुमचे शेजारी आहेत?"

"नाहीत. पण फार हुशार आहेत."

"शेजारी आणा."

"माझे प्राध्यापक?"

"शेजारी."

"माझ्या मामांशी फोनवर बोलता का?" असं म्हणून धाकट्याने फोन लावूनही टाकला. मामांनी साहेबांचा आवाज ऐकला आणि विचारलं, "आधी तुम्ही कोण, ते सिद्ध करा." साहेबांनी फोन खिडकीतून परत सरकवला.

"आणि शेजारी मिळाले नाहीत तर?" धाकट्याने विचारलं.

"तर घरी जा. तिथे असतीलच."

घरी परत गेल्यावर मामा काय म्हणतील, ही एक भीती होतीच. पण खरी गोष्ट वेगळी होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीत धाकट्याने स्वतःच्या हाताने ओतलेला काँक्रीटचा एक ठोकळा बुडवून ठेवला होता. काँक्रीट पाण्यात हळूहळू ताकद धरतं. पुढच्या वर्षी तो ठोकळा यंत्रात घालून फोडायचा आणि तडा कुठून सुरू होतो ते बघायचं, असा बेत होता. परवाना नाही म्हणजे पुढचं वर्ष नाही. आपला ठोकळा दुसऱ्याच कोणीतरी फोडायचा? धाकटा घरी येताना रस्ताभर त्या ठोकळ्याचाच विचार करत होता. तुम्हाला हसू येईल, पण स्वतः काही ओतून बघा, मग कळेल.

तर दोन शेजारी हवे होते. इमारतीत शेजारी भरपूर होते. अडचण एवढीच होती, की धाकट्याचा त्यांच्यापैकी एकावरही विश्वास नव्हता.

तळमजल्यावर शिंपीणआजी राहायची. कापड कापायचं काम तिने सोडलं होतं, पण शिवणयंत्र सोडलं नव्हतं. तिचं दार दिवसभर सताड उघडं. धाकट्याचं म्हणणं असं, की दार बंद ठेवणारा माणूस काहीतरी लपवतो. दार उघडं ठेवणारा तर आपण काही लपवत नाही असं दाखवतो, म्हणजे तो जास्त पोचलेला. आजी कटाप.

पहिल्या मजल्यावर सेक्रेटरीबाई. इमारतीच्या कमिटीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. त्या कधी हसत नसत, म्हणून धाकट्याने बरेच दिवस त्यांना विश्वासू मानलं होतं. पण एकदा जिन्यात त्यांनी "जेवलात का?" असं विचारलं. ही चौकशी कशाला? बाई कटाप.

दुसऱ्या मजल्यावर ड्रायव्हरकाका. ते शहरातली बस चालवत. एकदा धाकटा पावसात धावताना दिसला, तर त्यांनी थांबा नसताना बस थांबवली. धाकटा बसमध्ये चढला, कोरडा झाला आणि विचार करू लागला. आज माझ्यासाठी नियम मोडणारा माणूस उद्या कुठला नियम मोडेल? काका कटाप. काकांची एक मुलगी होती, शाळेत जाणारी, सडपातळ आणि जिभेने टोचणारी. आजीने तिचं नाव 'टाचणी' ठेवलं होतं. पण ती लहान, म्हणजे धाकट्याच्या हिशेबात नव्हतीच.

तिसऱ्या मजल्यावर, धाकट्याच्या खोलीच्या बरोबर खाली, नर्सबाई. त्या कधी दिसत नसत, म्हणून फार भरवशाच्या. पण धाकट्याला खोकला झाला, तर दाराशी झाकण लावलेलं सूप ठेवलेलं! माझा खोकला यांना कळला कसा? म्हणजे छताला कान लावतात. धाकट्याने ते सूप इतका वेळ हुंगून पाहिलं, की ते गार झालं. मग प्यायला. चांगलं होतं. त्यामुळे संशय आणखी वाढला.

आणि नेमक्या याच दिवसांत ते घडीचं प्रकरण सुरू झालं.

इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली होती. दोन मशीन धुवायची, एक वाळवायचं, मधे मोठं टेबल, एका कोपऱ्यात चादरी टाकायला दोऱ्या, आणि गरम पाण्याच्या नळाजवळ एक बाक. धाकटा संध्याकाळी कपडे वाळवायच्या मशीनमध्ये टाकून वाचनालयात जाई. परत येई तेव्हा कपडे टेबलावर, घडी घालून. शर्टाच्या बाह्या मागे, कॉलर सरळ, आणि सगळ्यात वर बनियन.

इथे धाकट्याचं दुःख नीट समजून घ्या. त्याच्या घरी बनियन कधी उघड्यावर वाळला नव्हता. मागच्या गॅलरीत, सर्वांत आतल्या दोरीवर, पुढे टॉवेल टाकून तो वाळायचा. घरच्या पाहुण्यांनासुद्धा तो दिसत नसे. शिवाय भोक पडलं म्हणून बनियन टाकायचा नसतो, हे घराण्याचं तत्त्व. बनियन आधी बनियन असतो, मग जुना बनियन होतो, मग सायकल पुसायचं फडकं होतो, मग नुसतंच फडकं. धाकट्याचा बनियन दुसऱ्या अवस्थेत होता. आणि तो आता परमुलखात टेबलावर सर्वांत वर, पाठ करून बसला होता.

त्याने घरी फोन केला. तिकडे फोनभोवती सगळे जमले.

"घडी घातली म्हणजे प्रत्येक खिसा तपासला," मामा म्हणाले. "ही जुनी पद्धत आहे."

"खिशात काही नव्हतं, मामा."

"हे त्यांना आता कळलं ना!"

आई म्हणाली, "कोणाची तरी मुलगी लग्नाची असेल. तू जिन्यात मान खाली घालून चालत जा."

वडिलांनी फोन हातात घेतला. मग म्हणाले, "साबण कुठला वापरतोस?"

पुढच्या खेपेला भोक बुजलं. पांढऱ्या बनियनवर लाल दोऱ्याने, एक लहान जाळी विणावी तसं रफू. थोडं वाकडं, पण पक्कं. धाकटा खोलीत दार लावून, भिंगाखाली ते रफू बघत बसला. लाल रंगच का? ही खूण आहे का? कोणाला दाखवायची खूण? का हा टोमणा आहे, की बाबा रे, तुमच्याकडे दोरासुद्धा नसतो का?

त्याने ठरवलं, हा उद्योग करणारा आधी पकडायचा. जो तो नसेल, तो विश्वासू. मग त्यातले दोन उचलायचे आणि खिडकीपुढे उभे करायचे. तडा शोधायची हीच पद्धत असते.

संध्याकाळी त्याने टाचेला भलंमोठं भोक पडलेला मोजा आमिष म्हणून मशीनमध्ये टाकला, मशीन सुरू केलं आणि दोरीवरच्या चादरीमागे जाऊन उभा राहिला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे बाकावर टाचणी पाय हलवत शाळेचा अभ्यास करत बसली होती, पण ती धरायची नाही.

का हसताय? तुम्हाला कळलं? मोठ्या माणसांना लवकर कळत नाही, त्याला इलाज नाही. मोठ्या माणसांना खुर्ची दिसते, टेबल दिसतं, खुर्चीवर बसलेलं मूल दिसत नाही.

थोड्या वेळाने ड्रायव्हरकाका कपड्यांचं बोचकं घेऊन आले आणि दारातच थबकले.

"कोण आहे?"

चादर गप्प.

"बूट दिसतायत."

"मी आहे. चौथा मजला."

"तिथे काय करताय?"

याचं खरं उत्तर होतं, 'तुमच्यावर पाळत ठेवतोय.' पण ते बरं दिसलं नसतं.

"मोजा शोधतोय."

"चादरीत?"

"हरवल्यावर कुठेही शोधावं लागतं."

काकांनी त्याला बाहेर येऊ दिलं, पण स्वतः भिंतीला पाठ लावूनच उभे राहिले. "ती चादर नर्सबाईंची आहे," ते म्हणाले. "एवढं लक्षात असू द्या."

धाकटा मान खाली घालून वर गेला. जरा वेळाने, काका गेल्याचा आवाज आल्यावर, कपडे आणायला उतरला. टेबलावर घडी तयार! आणि आमिषाच्या मोज्याची टाच लाल दोऱ्याने भरलेली! म्हणजे चोर नाकासमोरून आला, काम केलं आणि गेला. बाकावर टाचणी दोरा दाताने तोडत होती. धाकट्याने तिलाच विचारलं, "इथे कोणी आलं होतं का गं?"

"तुम्ही आला होतात," टाचणी म्हणाली. "चादरीमागे."

सकाळपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. नर्सबाईंनी ती चादर काढली आणि धाकट्यादेखत पुन्हा धुवायला टाकली. मुलांनो, माणसाचा अपमान अनेक तऱ्हांनी होतो, पण चादर पुन्हा धुऊन झालेला अपमान निराळाच. आजवर धाकटा इमारतीवर संशय घेत होता. आता इमारत धाकट्यावर घेऊ लागली. तो जिना उतरला, की दारं किलकिली होत. फक्त आजीचं दार होतं तसंच सताड उघडं.

धाकटा तावातावाने सेक्रेटरीबाईंकडे गेला. "मला तक्रार करायची आहे."

"बरं झालं, आलात," बाई म्हणाल्या. "मीच तुमच्याकडे येणार होते. रविवारी संध्याकाळी सभा आहे. धुण्याच्या खोलीत. सगळेच तिथे मावतात."

सभेला सगळे आले. कोणी बाकावर, कोणी मशीनला टेकून. बाई टेबलामागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पहिला विषय, ओला गोळा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकट्याला काही कळेना.

"आपल्याकडे पद्धत अशी," बाई म्हणाल्या, "की धुणं संपलं आणि मालक जागेवर नसला, तर पुढच्याने ते वाळवायला टाकावं. वाळलेलं असेल तर घडी घालून ठेवावं. आजवर सगळे असंच करत आलो. पण काही महिने कोणीतरी दुसऱ्याचे कपडे तसेच ओले काढतं आणि गोळा करून टेबलावर ठेवून देतं."

"माझा कामावरचा गणवेश त्या गोळ्यात होता," नर्सबाई म्हणाल्या. "तसाच ओला घालून गेले."

"मला वाटलं, तुम्हीच करता," ड्रायव्हरकाका आजीला म्हणाले.

"मेल्या, मी? मला वाटलं, तू. बस चालवून चालवून कुठेही काहीही सोडून द्यायची सवय तुझी!"

"मला तर कमिटीतल्याच कोणाचा संशय होता," नर्सबाई हळूच म्हणाल्या.

"आणि हे मला आज सांगता?" बाई कडाडल्या.

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याला ओला गोळा चांगला ठाऊक होता. तो त्याचाच होता. घरी त्याला शिकवलेलं, की परक्याच्या कपड्यांना हात लावू नये. ते बरं नव्हे. म्हणून मशीन रिकामं करायची वेळ आली, की तो डोळे अर्धवट मिटून, जमेल तितकं कमी शिवून, सगळं एकदम उचलायचा आणि टेबलावर सोडायचा. हा सभ्यपणा आहे अशी त्याची समजूत होती. याबद्दल कोणी आपलं कौतुक करत नाही, याचं त्याला मधूनमधून वाईटही वाटे.

"आता दुसरी तक्रार," बाई म्हणाल्या. "चौथा मजला, बोला."

धाकटा उठला. बसावंसं वाटत होतं, पण उठला. "माझे कपडे... कोणीतरी... म्हणजे घडी घालतं."

"वाईट घालतं?"

"नाही. उत्तम घालतं."

"मग तक्रार काय?"

"भोकं बुजवतं."

ड्रायव्हरकाका म्हणाले, "पत्ता मिळाला तर माझेही कपडे द्या हो त्याच्याकडे."

हशा पिकला. बाईंनी टेबलावर हात आपटला. "हसू नका. एकाचे कपडे ओले टाकले जातात, एकाचे न विचारता शिवले जातात, एक जण चादरीमागे उभा राहतो. हे बरोबर नाही. उद्यापासून या खोलीला कुलूप. किल्ली माझ्याकडे. ज्याला हवं त्याने माझ्या दाराशी येऊन मागावी."

"कुलूप नको!"

बाकावरून टाचणी उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाबा बस लावून येईपर्यंत ती रोज याच बाकावर बसायची. इथे ऊब होती, आणि वरच्या पायरीवरून हाक मारली की आजीला ऐकू जाई. कुलूप म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची रिकामी खोली.

"रफू मी केलंय," ती म्हणाली. "आजी म्हणाली, रफू शिकायचं तर भोक लागतं. बाबांचा गणवेश नेहमी नवा असतो, त्याला भोकंच नाहीत. बाईंच्या कपड्यांना नाहीत. नर्सबाईंच्या नाहीत. सगळ्या इमारतीत भोकं फक्त यांच्याकडेच आहेत. आणि किती छान छान! लांब, गोल, तिरकी. दर आठवड्याला नवीन."

सभेला आता हसायचीही शुद्ध राहिली नाही. आजी तोंडाला रुमाल लावून हलत होती. धाकट्याच्या आयुष्यात त्याची इतकी स्तुती कधी झाली नव्हती आणि ती ऐकताना जमीन दुभंगावी असं कधी वाटलं नव्हतं.

"लाल दोरा कशाला?" त्याने कसंबसं विचारलं.

"टाके नीट दिसतात. आजी तपासते ना."

"आणि ओला गोळासुद्धा तूच का गं?" बाईंनी विचारलं.

"तो यांचा," टाचणी म्हणाली. "मी रोज बघते. असं करतात." आणि तिने तोंड फिरवून, दोन बोटांत मेलेला उंदीर धरावा तसा हवेतला कपडा उचलून दाखवला. नक्कल इतकी हुबेहूब होती, की धाकट्याला नाकारायची सोय उरली नाही.

सगळे त्याच्याकडे वळले.

"आम्हाला वाटायचं, तुमचा आमच्यावर राग आहे," नर्सबाई म्हणाल्या. "म्हणून तर सूप ठेवलं."

आणि आता, या घटकेला, धाकट्याला दोन शेजारी मागायचे होते. त्याला माहीत होतं, की याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. पण सत्र संपत आलं होतं आणि ठोकळा टाकीत होता. त्याने सगळं सांगून टाकलं. खिडकी, साहेब, परवाना. ठोकळ्याबद्दल जरा जास्तच सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला ओळखतो, असं आम्ही जाऊन सांगायचं?" बाईंनी विचारलं. "तुम्ही कधी बोललात आमच्याशी?"

"नाही."

"का?"

"तुमचा संशय होता."

"कसला?"

धाकट्याने खूप आठवून पाहिलं. "ते काही ठरलं नव्हतं," तो म्हणाला.

आजी उठली, वाळवायच्या मशीनपाशी गेली आणि नर्सबाईंची चादर बाहेर काढली. ही चारही कडांना इलास्टिक लावलेली चादर. तिची घडी घालणं म्हणजे जिवंत खेकड्याची घडी घालणं. "ये इकडे," ती धाकट्याला म्हणाली. "धर दोन टोकं. नीट धर रे, चावत नाही ती."

एका बाजूला धाकटा, एका बाजूला ड्रायव्हरकाका. काकांच्या डोळ्यांतला संशय अजून पुरता गेला नव्हता. टाचणी मधे उभी राहून हुकूम सोडत होती. "बाबा, पुढे! दादा, पुढे नाही, आत! आता कोपऱ्यात कोपरा!" चादर तीनदा सुटली. एकदा धाकट्याच्या डोक्यावर बसली. शेवटी जे काही तयार झालं, ते चौकोनी नव्हतं, पण टेबलावर ठेवलं तर टिकत होतं.

"गोळ्यापेक्षा बरं," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी निघू. कुलपाचं नंतर बघू."

धाकट्याने रात्री मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "सगळे एकदम तयार झाले? मग नक्कीच काहीतरी शिजतंय." धाकट्याला तसं वाटलं नाही. आणि आपल्याला तसं का वाटत नाही, याचाच त्याला संशय येऊ लागला.

सकाळी दोन हवे होते, तिथे सगळी इमारत निघाली. बाई निघाल्या, कारण कचेरीत कसं बोलायचं ते फक्त त्यांना येतं. आजी निघाली, कारण बाई एकट्याच बोलतील. नर्सबाई कामावरून थेट आल्या. ड्रायव्हरकाकांची सुट्टी होती आणि टाचणीची शाळा दुपारची.

खिडकीतल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोन म्हटले होते."

"सगळेच ओळखतात," बाई म्हणाल्या. "फार चांगला मुलगा आहे."

"फार सज्जन," आजी म्हणाली.

"फार मदत करतो," नर्सबाई म्हणाल्या.

"अतिशय शांत," ड्रायव्हरकाका म्हणाले.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांची नजर एकेकावरून फिरली आणि बारीक होत गेली. "पढवून आणलेत," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं या खिडकीत बसतोय. खरा शेजारी शेजाऱ्याबद्दल इतकं चांगलं बोलत नाही. पुढचा माणूस या!"

धाकट्याच्या डोळ्यांसमोर ठोकळा तरळला. यंत्राच्या दाढेत कोणी परकाच माणूस तो सरकवत होता.

"थांबा!" बाई म्हणाल्या. "शांत कुठला? जिन्याचं दार असं आपटतो, की माझ्या भिंतीवरचं घड्याळ सरकतं."

"दार आपटत नाही तो," आजी म्हणाली. "तुमचं घड्याळच सैल आहे. पण अंघोळीला गातो! सुरात असतं तर काही म्हटलं नसतं."

"माझ्या गणवेशाचा गोळा केला त्याने," नर्सबाई म्हणाल्या. "एकदा नव्हे."

"आणि चादरीमागे उभा राहतो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "मी स्वतः बूट पाहिलेत. पावसात छत्री नेत नाही, बस सुटली की हात करतो, जशी काही बस त्याच्या मामाची!"

"मामांना मधे आणू नका," धाकटा न राहवून म्हणाला.

"मधे तूच आणतोस! रोज फोनवर ओरडून बोलतोस, सगळा जिना ऐकतो. बनियन-बनियन काय चाललेलं असतं!" काका म्हणाले.

"तू तरी कुठे हळू बोलतोस?" आजीने काकांना विचारलं, आणि मग भांडण धाकट्याला सोडून एकमेकांवर गेलं. घड्याळ, पाणी, जिन्यातला दिवा, जुना झाडू कोणी नेला, सगळं निघालं. साहेब हनुवटीला हात लावून ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. झाडूपर्यंत येऊन पोचल्यावर त्यांनी शिक्का उचलला आणि धाडकन मारला.

"शेजारी आहेत," ते म्हणाले. "पुढचा माणूस."

त्याने आजीला वाकून नमस्कार केला, बाईंना करायला गेला, तर त्या म्हणाल्या, "दार हळू लावा, तेवढं पुरे." सगळे बोलत, भांडत, हसत दाराकडे निघाले. आणि दाराशी पोचल्यावर ड्रायव्हरकाकांनी मागे वळून पाहिलं. "टाचणी कुठे गेली?"

टाचणी रांगेत होती. तिथे एक नवीन आलेला विद्यार्थी उभा होता. नवा कोट, नवे बूट, आणि छातीशी दोन्ही हातांनी कवटाळलेली पिशवी. टाचणी त्याच्याकडे बघून हसली. त्याने पिशवी आणखी घट्ट धरली. टाचणी एक पाऊल जवळ सरकली. त्याने पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली. तेवढ्यात त्याची पाळी आली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "दोन शेजारी आणा."

तो बिचारा इकडेतिकडे बघू लागला. तेव्हा टाचणीने टाचा उचलून खिडकीच्या कठड्यावर हनुवटी टेकवली आणि कोणी विचारायच्या आत सांगितलं, "मी ओळखते यांना."

"तू?" साहेब पुढे झुकले. "कधीपासून?"

टाचणीने जरा विचार केला.

"रांगेपासून," ती म्हणाली.